दिवसा झोपणाऱ्याचं घर

शूःकाकूंचं खरं नाव गल्लीतल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं, आणि उरलेल्या निम्म्यांना ते आठवायची कधी गरज पडली नव्हती. कुणी जिन्यात बादली आपटली, कुणी खालून वर हाक मारली, कुणाच्या स्कूटरचा हॉर्न अडकून बसला, की दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत एक किडकिडीत बाई प्रकट व्हायची, ओठांवर बोट ठेवायची आणि म्हणायची, “शूः!” बस, एवढंच. पण त्या एका अक्षराला अशी धार होती, की हाक मारणाऱ्याची हाक घशातच राहायची आणि हॉर्नवाला स्कूटर हाताने ढकलत कोपऱ्यापर्यंत न्यायचा.

कारण काका दिवसा झोपायचे.

काका म्हणजे काकूंचे यजमान. शहराच्या ऐन मध्यावर मोठं इस्पितळ आहे. त्याच्या मागच्या अंगाला बॉयलरघर, आणि तिथे ते कायमचे रात्रपाळीला. बॉयलरची वाफ इस्पितळाच्या धुलाईखान्यात जाते, स्वयंपाकघरात जाते आणि शस्त्रक्रियेची हत्यारं जिथे निर्जंतुक होतात तिथेही जाते. “माझी वाफ अडली तर डॉक्टरच्या हातात सुरी येत नाही,” असं काका वर्षातून एखादे वेळी म्हणायचे, तेही पाहुणे आले असतील तर. एरवी बोलणं कमीच. रात्रभर धडधडणाऱ्या लोखंडासमोर बसलेल्या माणसाला घरी येऊन आणखी आवाज करायची हौस उरत नसावी.

रात्रपाळी त्यांनी मागून घेतली होती. मुलगी लहान होती, काकूंच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना उचलून बसवायला दिवसा घरात पुरुषमाणूस हवा होता. पुढे सासूबाई गेल्या, मुलगी लग्न होऊन शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत राहायला गेली. रात्रपाळी मात्र घरातल्या जुन्या कपाटासारखी जागची हलली नाही. नवरा रात्री घरात नाही आणि दिवसा असून नसल्यासारखा, असा काकूंचा वीसेक वर्षांचा संसार.

लग्नात काकूंनी पायाने चालवायचं शिलाई मशीन आणलं होतं. हात चांगला होता, बायका कपडे घेऊन घरी यायच्या. रात्रपाळी सुरू झाली त्या पहिल्या आठवड्यात मशीन चालू असताना काका झोपेत कूस बदलताना दिसले. काकूंनी तिथल्या तिथे पाय उचलला, मशीनवर चादर टाकली, आणि ती चादर पुन्हा काढलीच नाही. वर हळूहळू टेलिफोन आला, किल्ल्यांची वाटी आली, एक कुंडी आली. त्याखाली शिलाई मशीन आहे हे घरात येणाऱ्या नव्या माणसाला सांगावं लागायचं. मशीनमागोमाग रेडिओ गेला. प्रेशर कुकर माळ्यावर गेला. मग घरात गप्प करायला काही उरलं नाही, तेव्हा काकू गॅलरीत आल्या.

गल्ली हळूहळू वळणावर आली. भाजीवाली भाव असा सांगायची, जणू शेजारणीचं गुपित सांगतेय. पोरं चेंडू खेळायची, पण कुणी बाद झाला तर ओरडायचं नाही, हात वर करायचा. भांडणंसुद्धा पलीकडच्या गल्लीत जाऊन व्हायची. नव्या भाडेकरूला घरमालक पाण्याची वेळ सांगायचा आणि पाठोपाठ काकूंची ओळख करून द्यायचा. काकूंना याचा मनातून अभिमान होता. कुणाचा नवरा सोन्यानाण्यात ठेवतो, कुणाचा देशोदेशी फिरवतो. त्यांनी आपल्या नवऱ्याला झोप दिली होती, भर शहरात, भर दुपारी.

आणि मग शेजारची इमारत पाडायला काढली.

काँक्रीट फोडायचं यंत्र आलं. सकाळी काका घरी पोचायची आणि यंत्र सुरू व्हायची एकच वेळ. काकू गॅलरीत गेल्या, बोट ओठांवर ठेवलं, शूः म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा शूः त्यांनाच ऐकू आला नाही. पदर खोचून खाली उतरल्या आणि मुकादमाला गाठलं.

“अहो, वर माणूस झोपतोय.”

“काकू, मी थांबेन हो,” मुकादम म्हणाला. “पण यंत्राला कान नाहीत आणि मालकाला दम नाही.”

यंत्र चालायचं, थांबायचं, राडारोडा उचलला जायचा, पुन्हा चालायचं. ते थांबलं की काकू सुटकेचा श्वास टाकून आतल्या खोलीत डोकवायच्या, तर काका नेमके उठून बसलेले. डोळे तांबारलेले, हात गुडघ्यांवर. “झालं झोपेचं खोबरं,” काकू म्हणायच्या आणि थांबलेल्या यंत्राला मनातल्या मनात शिव्या घालायच्या. काका म्हणायचे, “लागेल पुन्हा,” आणि भिंतीकडे बघत बसायचे.

अशात एका पहाटे कामावर काकांचा डोळा लागला. बॉयलरला पाणी पुरवणारा पंप आपसूक बंद पडला, काचेच्या नळीत पाण्याची पातळी उतरली, धोक्याची घंटा वाजली, आणि त्यांचा जोडीदार धावत येऊन दुसरा पंप सुरू करेपर्यंत काका खुर्चीतच होते. झालं काहीच नाही. पण पाणी आणखी उतरलं असतं तर काय झालं असतं, हे त्या घरात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. साहेबांनी बोलावून घेतलं. “तुमचं वय, तुमची नोकरी, सगळं मला दिसतं. म्हणून महिनाभर बघतो. पुन्हा असं झालं तर दिवसपाळी, गोदामात बसायचं, नटबोल्ट द्यायचे-घ्यायचे.”

काकांनी हे काकूंना चहा पिताना सांगितलं, पेल्यात बघत. शेवटी म्हणाले, “पंप बंद पडला आणि मला कळलं नाही. असं कधी झालं नव्हतं.”

दिवसपाळी. क्षणभर काकूंच्या मनात आलं, बरंच की. रात्री घरी असतील. दुसऱ्या उशीवर डोकं असेल. मग त्यांनी काकांचा चेहरा पाहिला. तपासायला म्हणून उघडलेल्या आणि पुन्हा न जोडलेल्या यंत्रासारखा तो दिसत होता. काकूंनी त्या विचाराला आतल्या आत शूः केलं.

“घर बदलू,” त्या म्हणाल्या.

मुलीला फोनवर कळलं तशी ती लगेच म्हणाली, “आई, इकडेच या ना. इथे दिवसा कावळासुद्धा परवानगी काढून ओरडतो.”

“आणि तुझे बाबा रात्रपाळी करून बसने तासभर येणार? बसमध्येच झोपतील. कंडक्टर शेवटच्या थांब्यावर उतरवेल, तिथून परत उलट्या बसमध्ये बसतील. तेवढ्यात पाळीची वेळ होईल.”

“मग काय करणार आहेस?”

“इथेच बघणार. इस्पितळापासून चालत जाता येईल असं.”

“गावाच्या मधोमध शांत घर? आई, तू बाजारात बसून ध्यान करायचं म्हणतेस.”

“तू फोन ठेव. मला घर शोधायचंय.”

शोधायला मदतीला किल्लीवाला होता. तो घरांची दलाली करायचा. त्याच्या कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा असायचा, की तो येतोय हे जिन्याच्या तळापासून कळायचं. या गल्लीत शिरताना तो जुडगा मुठीत दाबून धरायचा, एवढा काकूंचा दरारा. पहिल्याच दिवशी काकू खांद्याला कापडी पिशवी अडकवून आल्या. पिशवीत गुंडाळलेली चटई आणि एक लहान उशी.

“वहिनी, सहलीला निघालात का?”

“घर झोपून बघायचंय.”

“झोपून?”

“लोक बसून बघतात, उभं राहून बघतात. आम्हाला त्या घरात झोपायचंय, तर झोपूनच बघायला हवं. तेही भर दिवसा. संध्याकाळी दाखवाल ती घरं नकोत मला. संध्याकाळी सगळीच घरं शहाण्यासारखी वागतात.”

किल्लीवाल्याने कपाळाला हात लावला, पण गेला बरोबर. आणि मग शहराच्या मध्यभागातल्या रिकाम्या खोल्यांमधून एक विचित्र देखावा दिसू लागला. एक प्रौढ बाई उघड्या फरशीवर चटई टाकून डोळे मिटून पडलेली, आणि दाराशी जुडगा मुठीत धरून उभा असलेला, श्वाससुद्धा जपून घेणारा दलाल.

न्यायालयामागच्या गल्लीत खोल्या छान होत्या, उंच छताच्या, जाड भिंतींच्या. काकू आडव्या झाल्या आणि खालून शिक्के मारल्याचा धप्प, धप्प आवाज सुरू झाला. मधूनच कुणीतरी कुणाचंतरी नाव पुकारायचं, ते ऐकून काकूंनाच वाटायचं, आपण उठून हजर व्हावं. बँकांच्या रस्त्यावर सगळं काचबंद, गुळगुळीत. पण वीज गेली आणि प्रत्येक इमारतीच्या जनित्राने एकदम गळा काढला. उद्यानासमोरच्या घरात तर काकू जवळजवळ हो म्हणणार होत्या. हिरवीगार सावली, पेन्शनीतली म्हातारी माणसं, कुणी जोरात शिंकतही नव्हतं. तेवढ्यात खालच्या मजल्यावर गाण्याचा वर्ग भरला. एकच ओळ, पुन्हापुन्हा, दर वेळी त्याच ठिकाणी घसरणारी. काकू डोळे मिटून वाट बघत राहिल्या, आता तरी जमेल, आता तरी जमेल. जमलं नाही.

“वहिनी, ती पोरगी शिकेल हो हळूहळू,” किल्लीवाला म्हणाला.

“ती शिकेपर्यंत माझा नवरा गोदामात बसेल.”

दिवस सरत होते. काकूंना धड खाववेना, धड बसवेना. घरी एकट्या पडल्या की त्या डोळ्यांसमोर बघितलेली घरं आणायच्या. या घरात पलंग इथे, त्या घरात तिथे, ह्या खिडकीला जाड पडदा, त्या दाराला खाली फडकं. उद्यानाजवळच्या घराला नाही म्हटलं याची चुटपुट लागायची, उठून किल्लीवाल्याला फोन करावासा वाटायचा, फोनपर्यंत जाऊन त्या परत यायच्या. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात. काकूंचं डोक्यात होतं, आणि ते रोज नव्या गल्लीत हलत होतं. इकडे काकांची गालफडं बसत चालली. कामावर निघताना ते चेहऱ्यावर गार पाणी मारायचे, पुन्हा मारायचे, आणि टॉवेल लावायचं विसरून तसेच ओल्या तोंडाने जायचे.

मग काकूंना युक्ती सुचली. दिवसा शांत असलेली जागा शोधण्यापेक्षा दिवसा झोपणारी वस्तीच का शोधू नये? शहरात एक रस्ता होता, नाटकगृहांचा. संध्याकाळ झाली की दिवे लागायचे, तिकिटांच्या रांगा, खाण्यापिण्याची दुकानं, मध्यरात्रीपर्यंत गजबज. तेव्हा काका कामावर! आणि सकाळी, जेव्हा काका घरी येतील, तेव्हा अख्खा रस्ता कूस बदलून झोपलेला.

“वहिनी, मानलं तुम्हाला,” किल्लीवाला म्हणाला. “वीस वर्षं या धंद्यात आहे, रस्ता उलटा धरून बघावा हे डोक्यात नाही आलं.”

काकूंनी त्या घरात चटई टाकली. तिसरा मजला, रंगवलेल्या पडद्यांच्या गोदामाच्या वर. काहीही ऐकू येईना. कान देऊन ऐकलं तरी येईना. उघड्या फरशीवर पडल्यापडल्या काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काकांना कामावरून थेट तिथेच घेऊन गेल्या.

“झोपा,” त्या म्हणाल्या.

“इथे? यांच्यासमोर?”

“मी जिन्यात बसतो, दादा,” किल्लीवाला म्हणाला, आणि खरोखरच जिन्यात जाऊन थोड्या वेळात घोरू लागला.

काका आडवे झाले. काकू भिंतीला टेकून बसल्या. शांतता इतकी गच्च होती, की काकांच्या सदऱ्याचं बटण फरशीला घासलं तेही ऐकू आलं. कुठेतरी कुणी बादलीची कडी सोडली, टक्. काकांच्या पापण्या हलल्या. जिन्यातलं घोरणं मधेच थांबलं. काकांच्या हाताची बोटं हलली. खिडकीवर कबुतर उतरलं, उडालं. झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, असं म्हणतात. काकूंना सोंग ओळखता यायचं. खरी झोप लागली की काकांचा खालचा ओठ सैल पडायचा. तो अजून घट्ट होता. हा माणूस आपल्याला बरं वाटावं म्हणून डोळे मिटून पडलाय, हे काकूंच्या लक्षात आलं. याहून शांत जागा या शहरात नव्हती. याहून शांत जागा म्हणजे मग स्मशानच.

“छान आहे,” काका डोळे न उघडता म्हणाले.

“उठा,” काकू म्हणाल्या. “घरी चला.”

रस्त्यात कुणीच बोलेना. किल्लीवाल्याला ते सोसेना. “जाता जाता एक खोली दाखवू का? तुम्हाला नाही आवडायची, वहिनी, मी आधीच सांगतो. पण मालकाला शब्द दिलाय की आज कुणीतरी आणतो म्हणून. नुसतं बघा आणि नाही म्हणा, माझं काम झालं.”

“कुठे?”

“छापखाना गल्ली.”

काकूंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो चार पावलं पुढे चालू लागला.

पण गल्ली वाटेतच होती. खाली मोठा छापखाना. वह्या, पुस्तकं, औषधांच्या खोक्यांचे कागद, सगळं तिथे छापलं जायचं. यंत्रांची धडाड-धडधड, धडाड-धडधड, भिंतींतून, पायऱ्यांतून, कठड्यातून अंगात शिरत होती. पहिल्या मजल्यावर बंद दार आणि समोर एक लाकडी बाक. किल्लीवाल्याने जुडगा काढला. ही लावली, ती लावली, सगळ्या किल्ल्या लावून झाल्या. गावभरच्या घरांच्या किल्ल्या होत्या, त्या दाराची तेवढी नव्हती.

“कमाल आहे तुमची!” काकू ओरडून म्हणाल्या. ओरडल्याशिवाय ऐकूच गेलं नसतं. “नाव किल्लीवाला आणि किल्लीचा पत्ता नाही!”

“मालकाकडे राहिली वाटतं!”

“नको आहे मला ही खोली! इथे माणूस झोपेल का? इथे मेलेला उठून बसेल!”

“मी कुठे म्हणतोय घ्या म्हणून! नुसतं नाही म्हणायला आणलंय!”

“मग म्हटलं ना नाही!”

“आत बघून म्हणा! मालक विचारतो, आतून बघितली का!”

असं भांडण किती वेळ चाललं कोण जाणे. कित्येक वर्षांत काकू इतक्या मोठ्याने बोलल्या नव्हत्या. घसा कसा मोकळा झाला होता, आणि इतक्या दिवसांचा राग त्या बिचाऱ्याच्या डोक्यावर निघत होता. अखेर त्या म्हणाल्या, “अहो, तुम्ही तरी सांगा यांना काहीतरी,” आणि बाकाकडे वळल्या.

काका भिंतीला डोकं टेकून झोपले होते. खालचा ओठ सैल पडला होता.

काकूंनी बोट ओठांकडे नेलं आणि अर्ध्यावर थांबवलं. कुणाला शूः करणार? किल्लीवाला तोंड उघडं टाकून बघत होता. खाली यंत्रं धडधडत होती, बाक थरथरत होता, काकांचे हात मांडीवर उताणे पडले होते. लहान मुलं झोपतात तसे.

मग जेवणाची सुट्टी झाली. खाली कुणीतरी बटण दाबलं असावं. यंत्रं एकामागून एक मंदावली आणि थांबली. त्या क्षणी काका ताडकन उभे राहिले. डोळे उघडे, पण समोरचं काही दिसत नसलेले. “पाणी!” ते ओरडले. “काचेत पाणी बघ आधी!”

मग त्यांना बाक दिसला, दार दिसलं, बायको दिसली. ते ओशाळून खाली बसले.

किल्लीवाल्याला त्यातलं काही उमगलं नाही. काकूंना सगळं उमगलं, एकदम, तोंडावर गार पाणी मारल्यासारखं. शेजारचं यंत्र थांबल्यावर उठून बसलेले काका. गॅलरीतून शूः म्हणून आत आल्यावर, “जागेच का?” असं विचारल्यावर, “आत्ताच,” म्हणणारे काका. शिलाई मशीनवरून पाय उचलला आणि चादर टाकली, तेव्हा चादरीच्या सळसळीबरोबर डोळे उघडलेले काका.

किल्लीवाल्याला मालकाकडे किल्ली आणायला पिटाळून त्या नवऱ्याशेजारी बाकावर बसल्या.

“कधीपासून ठाऊक होतं तुम्हाला?”

“काय?”

“मी शूः केलं की तुम्ही जागे होता, हे.”

“रोज नाही,” काका म्हणाले.

“रोज नाही!”

“पोरांचा दंगा चालू असला की तो कानामागे पडतो गं. मग तू गॅलरीत जायचीस आणि सगळं एकदम बंद. बॉयलरवर एकदम काही बंद झालं तर माणूस उठलाच पाहिजे. ते अंगात मुरलंय. घरी आल्यावर सदऱ्यासारखं काढून खुंटीला कसं अडकवू?”

“आणि हे मला सांगायला तोंड नव्हतं?”

“तू मशीन झाकलंस. रेडिओ देऊन टाकलास. अख्खी गल्ली गप्प केलीस.” काका स्वतःच्या तळहातांकडे बघत होते. “एवढं केल्यावर कोणत्या तोंडाने सांगू, की हे नको?”

काकू उठल्या, जिना उतरल्या, कोपऱ्यापर्यंत तरातरा गेल्या. तिथे उभ्या राहिल्या. कुणावर रागवायचं हेच कळेना. एवढ्या वर्षांत त्या बाळंतविडे घेऊन जाणं सोडून कुणाकडे गेल्या नाहीत, कारण आपण गेलो तर गल्ली कोण सांभाळणार? एवढ्या वर्षांत मोठ्याने हसल्या नाहीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण तो कळसा आपणच रोज पदराखाली झाकत होतो, हे कुठल्या म्हणीत बसवायचं? त्या परत आल्या तेव्हा छापखाना पुन्हा सुरू झाला होता आणि काका बाकावर झोपले होते.

किल्लीवाला किल्ली घेऊन आला. “आतून बघताय ना, वहिनी? मग नाही म्हणा.”

“हो म्हणते,” काकू म्हणाल्या.

जुनी गल्ली सोडली त्या सकाळी टेम्पोत शेवटचं सामान चढलं, आणि खाली खेळणाऱ्या पोरांपैकी एक बाद झालं. सवयीने सगळ्यांचे हात वर गेले. मग त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, टेम्पोत पुढे बसलेल्या काकूंकडे पाहिलं, आणि सगळी मिळून अशी काही ओरडली, की चौथ्या मजल्यावरची खिडकी उघडली. काकूंना हसू आलं, आणि लागलंही. भाजीवालीने चांगल्या ठणठणीत आवाजात विचारलं, “आता आम्हाला गप्प कोण करणार हो?”

नव्या घरात फळीवरचे पेले दिवसभर किणकिणायचे. काका घरी यायचे, चहा घ्यायचे, पडायचे आणि दगडासारखे झोपायचे. काकूंचं मात्र डोकं ठणकायचं. इथे कुणाला शूः म्हणणार? सकाळपासून हात मोकळे, कान भरलेले. पहारेकऱ्याची नोकरी सुटावी तसं त्यांना झालं होतं. खिडकीत जायच्या, परत यायच्या, झोपलेल्या माणसाकडे बघायच्या. आपण इथे नसलो तरी हा असाच झोपेल, हे त्यांना दिसत होतं आणि बघवत नव्हतं.

पण जेवणाच्या सुट्टीत यंत्रं थांबायची, आणि काका ताडकन उठून बसायचे. मग पुन्हा झोप लागायला वेळ. पहिल्या दिवशी असं झालं, दुसऱ्या दिवशी झालं. साहेबांचा महिना अजून संपला नव्हता.

तिसऱ्या दिवशी काकूंनी कुंडी उचलून खिडकीत ठेवली. वाटी काढली, टेलिफोन काढला. चादर ओढली. मशीनचा पट्टा सैल झाला होता, चाक करकरत होतं. त्यांनी तेल घातलं, पट्टा ताणून बसवला. खाली यंत्रं मंदावायला लागली तशी त्यांनी पायडल दाबलं. सुईत दोरा नव्हता, खाली कापड नव्हतं. नुसतीच सुई वर-खाली, खटखट खटखट. खाली छापखाना थांबला. पलंग कुरकुरला. काकू पाय मारत राहिल्या, मागे वळून न बघता. काका झोपेतच काहीतरी पुटपुटले, कूस बदलली. चालू मशीनच्या आवाजात बदललेली नुसती कूस होती ती. पूर्वीही कदाचित तेवढीच होती.

नुसती सुई किती दिवस चालवणार? चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी जुन्या साडीची उशीची खोळ शिवली. मग छापखान्यातल्या बायकांनी विचारलं, वरून मशीनचा आवाज येतो, झगा आखूड करून द्याल का. सुट्टी तेवढीच, पण काम वाढत गेलं. महिना उलटला. साहेब काही बोलले नाहीत. त्यांनी काकांच्या जोडीदाराला फक्त विचारलं, “काका काय औषध घेतात?”

एका दुपारी, सुट्टीतच, काकू एका पिवळ्या झग्याला गोट लावत होत्या. काका झोपले होते, ओठ सैल पडला होता. खिडकीतून ऊन थेट पलंगापर्यंत आलं होतं. मुलीचा सकाळी फोन आला होता, चांगली बातमी होती, आजी होणार असल्याची. ती त्यांनी दुपारपर्यंत एकटीनेच सांभाळली होती. काकांना सांगायला संध्याकाळ होणार, आणि संध्याकाळी ते डबा घेऊन निघणार. कितीतरी वर्षं अशा सगळ्या बातम्या त्यांनी संध्याकाळपर्यंत दाबून ठेवल्या होत्या, आणि संध्याकाळपर्यंत त्या गार व्हायच्या.

गोट संपत आला. काकूंनी एकदा पलंगाकडे पाहिलं.

मग त्यांनी मशीनवरून पाय उचलला.

चाक फिरत फिरत थांबलं. खोलीत काही आवाज उरला नाही. पलंग कुरकुरला, आणि काका उठून बसले.

“काय झालं?”

“काही नाही,” काकू म्हणाल्या. “चहा घेणार का? जरा बोलायचं होतं.”